‘आहे, पण कागद नाही’: एका वसतिगृहाच्या स्वमूल्यमापनाची तीन वर्षं

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी एक वसतिगृह आहे. संस्थेचं नाव इथे देत नाही. मंडळाने लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर, आणि त्या मुली आजही तिथे राहतात एवढं कारण मला पुरेसं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला या भागातली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. बरोबर नेलेल्या मुलीची शाळा तिथेच सुटते. ती धाकटं भावंड सांभाळते, भाकरी थापते, आणि जरा मोठी झाली की कोपीत एकटी कशी ठेवायची या भीतीने आईबाप तिचं लग्न उरकून टाकतात. एका माध्यमिक शिक्षकाने हे वर्गात बसून पाहिलं. दिवाळीनंतर बाकं रिकामी होत, त्यातल्या काही मुली परतच येत नसत. २००४ मध्ये त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा मुली ठेवून घेतल्या. २०२२ पर्यंत स्वतःची इमारत झाली होती, ६४ मुली होत्या, अकरा कर्मचारी होते. त्या शिक्षकांना सगळे सर म्हणतात, मीही.

माझी नोकरी बँकेत गेली. निवृत्तीनंतर सरांनी हिशोब बघायला बोलावलं आणि मी विश्वस्त मंडळात खजिनदार म्हणून आले. येऊन चारच महिने झाले होते, तेव्हा एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागाने तीन वर्षांच्या निधीचा आमचा प्रस्ताव परत पाठवला. त्यांनी नकार दिला नव्हता. कागदपत्रं पूर्ण झाल्यावर पुन्हा संपर्क करा, एवढंच कळवलं होतं.

अपुरं काय होतं ते पाहायला मी धर्मादाय कार्यालयातून आमच्या नोंदीचा, म्हणजे परिशिष्ट १ चा, उतारा काढला. त्यावर सात विश्वस्तांची नावं होती. त्यातले दोघं वारले होते, एकजण बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन मंडळातून बाहेर पडले होते. त्यांच्या जागी आलेल्या तिघांचं नाव कुठेच नव्हतं. त्या तिघांत मीही होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला कोणताही बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. आपल्याकडे त्याला सरसकट चेंज रिपोर्ट म्हणतात. आमचा शेवटचा चेंज रिपोर्ट २०११ चा होता. कागदावर ही संस्था चार जिवंत आणि तीन नसलेल्या माणसांची होती.

सर म्हणाले, “ताई, कागद तेवढे तुम्ही करून टाका. बाकी आपलं काम चोख आहे.”

काम चोख आहे, हे माझंही मत होतं. मी त्या मुलींना शाळेतून येताना, जेवताना, दहावीचे निकाल घेऊन नाचताना पाहिलं होतं. पण बँकेत मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. ज्या खात्याचे कागद वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, तिथे कागदापुरतीच चूक सापडत नाही. चेंज रिपोर्ट अकरा वर्षं राहून जातो, कारण मंडळाच्या बैठकीत तो विषय निघत नाही. आणि विषय निघत नाही, कारण बैठका होतच नसतात. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत वर्षाला चार बैठका होत्या, सगळ्या एकाच शाईत, एकाच हाताच्या. ऑडिटच्या आधी आमचे लेखनिक भाऊ त्या बसून लिहीत. त्यांच्या मनात खोट नव्हती. पूर्वीपासून तसंच चालत आलं होतं.

म्हणून मी मंडळाला म्हटलं, कंपनीची यादी बाजूला ठेवू. आधी आपणच आपल्याला तपासू.

तपासायचं कशावर? यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्या देशात क्रेडिबिलिटी अलायन्स ही संस्था २००४ मध्ये नोंदली गेली. स्वयंसेवी संस्थांनीच एकत्र बसून, चर्चा करून सुशासनाचे निकष ठरवले आणि त्यातून ती उभी राहिली. मंडळाच्या वर्षातून किमान दोन बैठका गणपूर्तीसह व्हाव्यात, निम्म्याहून जास्त मंडळ सदस्य पगारी कामावर नसावेत, संस्थेतला सर्वात जास्त आणि सर्वात कमी पगार उघड सांगावा, असे ते साधे, मोजता येणारे निकष आहेत. दुसरी पद्धत इंग्लंडची. लंडनच्या चॅरिटीज इव्हॅल्युएशन सर्व्हिसेसने १९९७ मध्ये छोट्या संस्थांसाठी पी-क्वासो नावाची चौकट काढली. पुढे तिचं नाव ट्रस्टेड चॅरिटी झालं. तिची मला आवडलेली गोष्ट म्हणजे क्रम: आधी स्वतःला गुण द्यायचे, पुरावा मांडायचा, सुधारणेची योजना करायची, आणि हवं असेल तरच पुढे बाहेरचा परीक्षक बोलवायचा. पैशांइतकाच प्रश्न तिथे माणसांचा, शिकण्याचा आणि ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्या म्हणण्याचाही असतो.

दोन्हींतून निवडून, आमच्या कामाचं घालून आम्ही मराठीत एक तक्ता केला. नऊ विषय, पंचेचाळीस विधानं. विधानं प्रमाणभाषेत जड होऊ नयेत म्हणून अधीक्षिकांनी ती पुन्हा लिहिली. ‘तक्रार निवारण यंत्रणा कार्यान्वित आहे’ याचं त्यांनी केलं: ‘एखादीला काही खटकलं तर ती कुणाला सांगू शकते, आणि सांगितल्यावर काहीतरी होतं.’ या एका बदलाने पुढचं बरंच काही उघड झालं.

प्रत्येक विधानापुढे गुणांऐवजी चार उत्तरं ठेवली: ‘आहे आणि कागद आहे’, ‘आहे, पण कागद नाही’, ‘नाही’, आणि ‘नाही, पण आपल्याला लागतही नाही’. चौथं उत्तर मी हट्टाने घातलं. निकष मोठ्या शहरातल्या संस्था डोळ्यांपुढे ठेवूनही लिहिले जातात. अकरा कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहाला स्वतंत्र माहिती-तंत्रज्ञान धोरण लागत नाही, हे म्हणायची मोकळीक नसेल तर माणसं खोटं ‘आहे’ लिहून मोकळी होतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली फेरी झाली. विश्वस्तांनी एका खोलीत तक्ता भरला, कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत, नावं न लिहिता. विश्वस्तांच्या मते पंचेचाळीसपैकी अडतीस गोष्टी ‘आहे’ होत्या. कर्मचाऱ्यांच्या मते एकवीस.

हे दोन तक्ते भिंतीवर शेजारी लावले तो दिवस मला अजून आठवतो. सर बराच वेळ उभे राहून वाचत होते. ‘कर्मचाऱ्यांची बैठक दर महिन्याला होते’ याला मंडळाने ‘आहे आणि कागद आहे’ म्हटलं होतं. कर्मचाऱ्यांपैकी चौघांनी ‘नाही’ लिहिलं होतं. बैठक तर होत होती, मग हे कसं? स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं, “सर सांगतेत, आमी ऐकतो. ती बैठक कशी म्हणायची?” मावशी अठरा वर्षांपासून तिथे आहेत. हे त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं, आणि तेही सर खोलीत असताना.

पुढचे दोन तास आम्ही फक्त ज्या विधानांवर दोन तक्त्यांत फरक होता त्यांच्यावर बोललो. जिथे दोघांचंही ‘नाही’ होतं, तिथे बोलायला काही नव्हतं, काम करायचं होतं. ज्या ठिकाणी वरच्याला वाटतं आहे आणि खालच्याला दिसत नाही, तिथेच संस्था आतून पोकळ होत असते, आणि बाहेरून आलेल्या कुठल्याही तपासनिसाला ती जागा सापडत नाही. तो अध्यक्षांना विचारतो, अध्यक्ष मनापासून ‘आहे’ म्हणतात.

मुलींना तक्ता द्यायचा की नाही यावर मंडळात वाद झाला. एका विश्वस्तांचं म्हणणं, लेकरं काय मूल्यमापन करणार. अधीक्षिकांनी तक्ता देऊच नका म्हटलं, पण वेगळ्या कारणाने: मुली परीक्षेसारखं बरोबर उत्तर शोधतील. त्यांनी आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या एका समुपदेशक ताईंनी वसतिगृहाचा मोठा नकाशा पुठ्ठ्यावर काढला आणि मुलींना टिकल्यांची पाकिटं दिली. जिथे बरं वाटतं तिथे हिरवी टिकली, जिथे नको वाटतं तिथे लाल. गटागटाने, दार लावून, समुपदेशक ताईंखेरीज मोठं कुणी आत नाही.

संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर लाल टिकल्यांची रांग लागली. तिथे दिवा नव्हता. मागच्या फाटकापाशी लाल टिकल्या होत्या, कारण पाण्याचा टँकर येई तेव्हा चालक आणि त्याच्याबरोबरची माणसं सरळ आतल्या हौदापर्यंत येत आणि त्याच वेळी मुली अंघोळीच्या रांगेत असत. या दोन्हींचा अंदाज आम्हाला यायला हवा होता. तिसऱ्या जागेचा कुणालाच आला नव्हता. कार्यालयात, लेखनिक भाऊंच्या टेबलाशेजारी, टिकल्यांचा लाल गोळाच झाला होता.

समुपदेशक ताईंनी हळूहळू विचारलं. रविवारी संध्याकाळी फडावरून आईबापाचे फोन येत. फोन कार्यालयातला एकच. मुलगी उभी राहून बोले, समोर भाऊ हिशोब लिहीत, मागे रांग. भाऊ सज्जन माणूस, कधी कुणाला लागेलसं बोलले नाहीत. पण आईशी पाच महिन्यांत बोलायचं ते असं चारचौघांत. पाळी आली, दुखतंय, घरी यायचंय, मामा परत तसा बोलला, असलं काही तिथे सांगता येत नाही. एका मुलीने सांगितलं, “म्हणून मी फक्त ‘बरी आहे’ म्हणते.”

क्रेडिबिलिटी अलायन्सच्या निकषांत फोन नाही. इंग्लंडच्या चौकटीतही नाही. आमच्या पंचेचाळीस विधानांत नव्हता. जगातल्या कोणत्याही निकषांच्या यादीत फडावरून येणारा रविवारचा फोन सापडणार नाही. निकषांनी आम्हाला ‘ज्यांच्यासाठी काम करता त्यांना विचारा’ इथपर्यंत आणून सोडलं. पुढचं मुलींनीच सांगितलं.

वाटेवरचा सौर दिवा तीन दिवसांत लागला. तीन साधे मोबाइल घेतले, व्हरांड्याच्या टोकाची साठवणीची खोली रिकामी करून तिथे एक खुर्ची ठेवली, आणि रोज सहा ते आठ अशी वेळ वाटून दिली. टँकरची वेळ मुली शाळेत असतानाची केली. पण इथेच एक जास्त गंभीर गोष्टही समोर आली. तक्त्यात ‘मुलींच्या सुरक्षेचे नियम सगळ्यांना माहीत आहेत’ यापुढे सरांनी ‘आहे’ लिहिलं होतं. मी कर्मचाऱ्यांना एकेकट्याने विचारलं: एखाद्या मुलीने लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं तर काय कराल? बहुतेकांचं उत्तर होतं, सरांना सांगू. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे अकरापैकी दोघींना माहीत होतं. सरांना सांगणं म्हणजे कळवणं झालं, असा बाकीच्यांचा प्रामाणिक समज होता. पुढच्या महिन्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. कोणी काय करायचं ते एका पानावर लिहून स्वयंपाकघरात आणि कार्यालयात लावलं, खाली १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. तीही नव्हती, ती केली.

आता पैशांकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त अडकला.

‘संस्थेला एका मुलीमागे खरा खर्च किती येतो हे माहीत आहे’ असं एक विधान होतं. आमच्याकडे आकडा होता: महिन्याला १,९५० रुपये. हाच आकडा दरवर्षी प्रस्तावात जाई आणि देणगीदार त्याचं कौतुक करत. पुरावा मांडायला बसलो तेव्हा जमाखर्चाबाहेरच्या गोष्टी एकेक करून टेबलावर आल्या. अनुदान उशिरा आलं की किराणा दुकानदाराची उधारी सर आपल्या पेन्शनमधून भागवत, पावती नाही, नोंद नाही. सरांच्या पत्नी रोज चार तास कोठीघर सांभाळत. सुगीत गावकरी ज्वारीची, तुरीची पोती आणून टाकत, त्यांचे आभार मानले जात पण जिन्नस देणगीची नोंदवही नव्हती. हे सगळं मोजल्यावर आकडा जवळजवळ दीडपट झाला.

सर अस्वस्थ झाले. त्यांना वाटलं मी त्यांच्या देण्याचा हिशोब मागते आहे. मी त्यांना म्हटलं, “सर, तुम्ही अठरा वर्षं देत आलात म्हणून लोकांना वाटतं हे १,९५० मध्ये होतं. उद्या तुम्ही नसाल तेव्हा हे चालवणाऱ्याला तेवढेच पैसे मिळतील.” त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी चेकबुक आणून माझ्यापुढे ठेवलं आणि यापुढे जे काही द्यायचं ते चेकने, पावतीसह द्यायचं ठरलं. उसने म्हणून लिहावेत, अशीही एक सूचना आली होती. पण विश्वस्ताने संस्थेसाठी कर्ज उभं करायला कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, शिवाय सरांना परत काही नकोच होतं. देणगी हा सरळ मार्ग होता. जुन्या रकमा नोंदींत मागून घुसडायच्या नाहीत हेही तेव्हाच ठरलं.

सर्वात कमी पगार उघड करायचा निकष आला तेव्हा सभेत शांतता पसरली. मावशींना महिना ४,५०० रुपये मिळत होते. ६४ मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक, पहाटे साडेचारला उठणं, आणि हंगामात एकही सुट्टी नाही. ज्या बायकांच्या कष्टाची किंमत होत नाही त्यांच्या लेकींसाठी आम्ही वसतिगृह चालवत होतो, आणि आमच्याच चुलीपुढे तेच चाललं होतं. एका विश्वस्तांनी आधी कुंपणाची भिंत बांधू म्हटलं, पैसे तेवढेच होते. तीन बैठका यावर गेल्या. शेवटी भिंतीऐवजी तारेचं कुंपण झालं, मावशींचा पगार दुपटीच्या जवळ गेला, आणि त्यांच्या हाताखाली अजून एक बाई आली म्हणून त्यांना आठवड्याची सुट्टी मिळू लागली. पहिल्या सुट्टीच्या दिवशीही त्या येऊन चुलीपाशी बसल्या होत्या. सवय जायला वेळ लागला.

चुकाही झाल्या, आणि त्या लिहायला हव्यात. पहिल्या उत्साहात मी इंटरनेटवरून धोरणांचे नमुने उतरवून चौदा पानांचं स्वयंसेवक धोरण तयार केलं. ते फाइलमध्ये आहे, कुणी वाचलेलं नाही, आणि ते न वाचणाऱ्यांचा त्यात दोष नाही. आमच्याकडे वर्षाला पाच-सहा स्वयंसेवक येतात. त्यांच्यासाठी एक पान पुरलं असतं. दुसरी चूक अशी की सहा महिन्यांत मी पंचेचाळीसपैकी तीस गोष्टी एकदम हाती घेतल्या. अधीक्षिका दिवसा मुली आणि रात्री नोंदवह्या असं करून आजारी पडल्या. त्यानंतर मंडळाने नियम केला: एका सहामाहीत पाचच गोष्टी.

त्या पाचांत आम्ही जी गोष्ट सर्वात पुढे ढकलत होतो ती २०२३ च्या उन्हाळ्यात घेतली. ‘इथून गेलेल्या मुलींचं पुढे काय झालं हे संस्थेला माहीत आहे.’ विश्वस्तांनी ‘आहे, पण कागद नाही’ लिहिलं होतं. सरांना खरोखरच अनेकजणी आठवत: ही नर्स झाली, ती पोलीस भरतीत लागली, तिसरी पुण्यात कंपनीत. समारंभात हीच नावं घेतली जात. आम्ही मागच्या आठ वर्षांच्या हजेऱ्या काढल्या. दहावीपर्यंत राहिलेल्या किंवा मधेच गेलेल्या ११२ मुलींची यादी झाली. दोन माजी विद्यार्थिनी आणि मी महिनाभर फोन केले, गावोगाव निरोप पाठवले. ७१ जणींचा पत्ता लागला. त्यांतल्या बहुसंख्य शिकत होत्या किंवा कमावत होत्या. नऊ जणींचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालं होतं. त्या नऊपैकी सात जणी नववीच्या उन्हाळ्यात घरी गेल्या त्या परत आल्या नव्हत्या.

ती यादी सरांनी दोन्ही हातांत धरून वाचली. प्रत्येक नावापुढे त्यांना त्या मुलीचं काहीतरी आठवत होतं, कुणाचं अक्षर, कुणाचं गाणं. “ह्या आपल्याच होत्या,” एवढंच ते म्हणाले.

आम्हाला हे कळलं नसतं तर आम्ही अजूनही हंगामाचे सहा महिनेच जपत राहिलो असतो. धोका हंगामात असतो, असं गृहीत धरून सगळी व्यवस्था उभी होती. यादीने दाखवलं की आमच्या मुलींचा धोका एप्रिल-मेमध्ये होता. आईबाप फडावरून परत आलेले, उचलीचा हिशोब डोक्यावर, लग्नसराई, आणि वसतिगृह रिकामं. आता आठवी-नववीच्या मुलींसाठी उन्हाळ्यात पाच आठवड्यांचं शिबिर असतं, अधीक्षिका मे महिन्यात प्रत्येक घरी एकदा जातात, आणि जून उजाडायच्या आत कोण परत येणार नाही याची कुणकुण आम्हाला लागलेली असते. २०२४ च्या जूनमध्ये नववीतून दहावीत गेलेल्या सगळ्या मुली परत आल्या. एका वर्षावरून मी जास्त काही म्हणणार नाही.

दुसरी फेरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाली होती, आणि तिचा निकाल मंडळाला धक्का देणारा होता. विश्वस्तांचे ‘आहे’ अडतीसवरून एकोणतीसवर उतरले. वर्षभर एवढं केलं, आणि गुण खाली? एकजण वैतागून म्हणाले, मग उपयोग काय झाला. मला तो निकाल वाचून समाधान वाटलं होतं. पहिल्या वर्षी ‘पुरावा काय?’ हा रकाना बऱ्याच जणांनी मोकळा सोडला होता. दुसऱ्या वर्षी तो भरायला लागला आणि हात अडखळला. कर्मचाऱ्यांचे ‘आहे’ त्याच वेळी एकवीसवरून सव्वीसवर चढले होते. दोन तक्त्यांमधलं सतराचं अंतर तीनवर आलं होतं.

त्याच सुमाराला कंपनीच्या सीएसआर विभागाशी पुन्हा बोलणं सुरू झालं. विलंब माफीच्या अर्जासह दिलेले चेंज रिपोर्ट चौदा महिन्यांनी मंजूर झाले होते, उतारा स्वच्छ होता. त्यांच्या अधिकाऱ्यांनी आमच्या स्वमूल्यमापनाबद्दल ऐकून गुणपत्रक मागितलं. मंडळात यावर एक संध्याकाळ गेली. निधी हवा होता. पण ज्या दिवशी मावशींना कळेल की त्यांच्या ‘नाही’मुळे पैसे अडू शकतात, त्या दिवसापासून त्या ‘आहे’ लिहितील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं. आम्ही अधिकाऱ्यांना तसंच सांगितलं. गुण दिले नाहीत. काय अपुरं आहे, पुढच्या दोन सहामाहीत कोणत्या दहा गोष्टी करणार आणि त्यांना किती खर्च येईल, हे मात्र सगळं दिलं. एका मुलीमागचा खरा खर्चही नवा, दीडपट आकडा लिहून दिला. त्यांनी तो मान्य केला. काम तेच होतं, मुली त्याच होत्या. आकडा खरा होता आणि त्यामागे नोंदवह्या होत्या, एवढाच फरक.

एक विधान तिन्ही फेऱ्यांत दोन्ही तक्त्यांवर ‘नाही’ राहिलं आहे: ‘प्रमुख व्यक्ती सहा महिने नसली तरी काम नीट चालेल.’ सर आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन हंगामात, आम्ही एक प्रयोग केला. सर पंधरा दिवस मुलीकडे नाशिकला गेले आणि फोन न करण्याचं त्यांनी कबूल केलं. ते नसताना काय अडलं याची वही अधीक्षिकांनी ठेवली. सतरा नोंदी झाल्या. चेकवर दुसरी सही कोण करणार हे ठरलेलं नव्हतं. विहिरीची मोटार कुठल्या मिस्त्रीकडे जाते ते फक्त सरांना माहीत होतं. एक बाप दारू पिऊन मुलीला न्यायला आला, आणि सरांशिवाय आपण कुणाला जुमानत नाही असं म्हणून तासभर फाटकात बसला. अधीक्षिकांनी त्याला चहा दिला, मुलीला विचारलं, मुलगी नाही म्हणाली, आणि त्यांनी फाटक उघडलं नाही. वहीत त्यांनी ही नोंद ‘अडलं’ या रकान्यात लिहून नंतर खोडली आणि ‘झालं’ या रकान्यात लिहिली.

सर परत आले तेव्हा वही त्यांच्या टेबलावर होती. वाचून त्यांनी सतरापैकी आठ नोंदींपुढे दुसऱ्याचं नाव लिहिलं. मिस्त्रीचा नंबर भिंतीवर लागला, चेकवरच्या सहीचा ठराव पुढच्या बैठकीत झाला. उरलेल्या नऊ अजून मोकळ्या आहेत. चौथी फेरी येत्या ऑगस्टमध्ये आहे, आणि विश्वस्तांच्या खोलीत या वेळी आपण बसणार नाही, असं सरांनी आत्ताच कळवलं आहे.